चाळीस, सेहेचाळीस की एकसष्ट?

साठ इंची पंखांचं हाय-विंग ट्रेनर (पंख वर बसवलेलं, नवशिक्यांसाठीचं मॉडेल विमान) बांधतोय, वजन अडीच किलोच्या घरात जाईल. मित्र म्हणतात, थेट ६१चं इंजिन बसव. (शहापूर, बेळगाव)

नको. हा आकडा घनइंचाच्या शंभराव्या भागांत असतो: ४० म्हणजे साधारण ६.५ सीसी, ४६ म्हणजे ७.५ आणि ६१ म्हणजे १०. तुमच्या विमानाला ४० टू-स्ट्रोकही उडवेल, पण तुम्ही ४६च घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. किनाऱ्यापेक्षा इथली हवा सातेक टक्के विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. ती तूट ४६ भरून काढतं. ६१ मात्र दीड-दोनशे ग्रॅम जड. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश रुंदीवर दोन बोटांनी विमान तोलून पाहा. ६१मुळे नाक खाली जातं. मग शेपटीत शिसं भरा, वजन आणखी वाढवा, आणि उतरताना विमान धावतच येतं. नवशिक्याचं पहिलं विमान असंच मोडतं, आणि त्यामागे दोन-तीन महिन्यांची मेहनत असते हो! प्रोपेलर ११×५ (अकरा इंच व्यास, पाच इंच पिच) लावा.

४६चं इंजिन जमिनीवर छान गर्जतं, वर चढताना मात्र बंद पडतं. मोठं घेऊ का? (निपाणी)

इंजिनाला दोष देऊ नका, कार्बुरेटरची इंधन कमी-जास्त करणारी सुई जास्त आवळली गेली आहे, त्यामुळे इंधन कमी पडतं. फुल थ्रॉटलवर मदतनीसाला विमान मागून घट्ट धरायला सांगा आणि नाक आभाळाकडे करा. आवाज किंचित चढला तर ठीक. दबला तर सुई दोन टिचक्या सैल करा. प्रोपेलरच्या समोर किंवा बाजूला कुणीही उभं राहू नये, लहान मुलं तर नाहीच. टाकीचा मध्य कार्बुरेटरच्या सुईच्या रेषेत आहे ना, तेही पाहा.

मिथेनॉल-एरंडेलाचं इंधन मिळवताना दमछाक होते. त्याच ट्रेनरला विजेची मोटर चालेल? (खानापूर)

चालेल. किलोला २२० वॅट धरा. अडीच किलोला साडेपाचशे वॅट झाले. चार सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी ४० अँपिअरला तेवढे आरामात देते.

फोर-स्ट्रोक बसवलं तर? (चिकोडी)

टू-स्ट्रोक ४६च्या जागी ७०चं लागेल. आवाज मात्र गोड, शिवारातली म्हसरंही बुजत नाहीत.