शंट असलेल्या बाळाला उलट्या होतात तेव्हा

प्रश्न : आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. डोक्यात पाणी साठत असल्याने दोन महिन्यांपूर्वी तिला शंट, म्हणजे ते पाणी पोटात उतरवणारी नळी, बसवला. उलटी झाली की घरातले म्हणतात, दात येताहेत. ऑपरेशन झालेलं हॉस्पिटल सहा तासांवर आहे. दर वेळी तिकडे धावायचं का? कानामागचा फुगीर भाग दाबून शंट चालू आहे की नाही ते कळतं का?
– एक आई, परभणी

उत्तर : दातांवर ढकलून मोकळं होऊ नका. शंटच्या मुलाला पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, तर शंट तुंबला असं आधी धरायचं. तो चालू असल्याची खात्री झाली की मगच दुसरी कारणं. शंट बसवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात साधारण तीनातल्या एका मुलाचा शंट बिघडतो. बहुतेकदा मेंदूतलं टोक बुजतं, कारण पाणी तयार करणाऱ्या ऊतीचे धागे नळीच्या बारीक छिद्रांत शिरतात.

तो फुगीर भाग म्हणजे व्हॉल्व्ह, किती पाणी उतरू द्यायचं ते ठरवणारी झडप. तो दाबू नका. तुंबलेला शंटही हाताला ठीक लागू शकतो, आणि वारंवार दाबल्याने तेच धागे आत ओढले जातात.

त्यापेक्षा टाळू बघा. बाळ शांत असताना, मांडीवर ताठ बसवून बोट फिरवा. रडताना टाळू वर येतेच, ती धरू नका. शांत असतानाही ताठ, फुगलेली लागली तर दाब वाढलाय. खूप खोल गेली असेल तर पाणी जास्त उतरतंय किंवा अंगातलं पाणी कमी झालंय. तेही डॉक्टरांना सांगा. आठवड्यातून एकदा न ताणणाऱ्या टेपने, भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून घेर मोजा. तीनदा मोजून मोठा आकडा वहीत लिहा. या वयात महिन्याला अर्धा सेंटीमीटर वाढ अपेक्षित आहे. तेवढी आठवड्यात झाली तर फोन करा.

उलट्यांबरोबर जुलाब आहेत, मूल खेळतंय, दूध घेतंय, तर त्याच दिवशी गावातल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सर्जनना फोन करा. पण मूल गुंगीत आहे, दूध ओढत नाही, बुबुळं खाली वळलीत, झटका आला, टाळू फुगली, तर रात्रीसुद्धा थांबू नका. अशा मुलाला सहा तास गाडीत ठेवू नका. सीटी स्कॅन असलेल्या जवळच्या हॉस्पिटलात आधी न्या आणि तिथूनच सर्जनशी बोलणं करून द्या.

ताप आला, नळीच्या मार्गावर लाली आली, जखम पाझरली किंवा पोट फुगलं, तर जंतुसंसर्गाची शंका घ्या. तो बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत होतो. घरी अँटिबायोटिक सुरू करू नका, नाहीतर शंटमधल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत. संसर्ग ठरला तर सहसा शंट काढून पाणी काही दिवस बाहेरच्या पिशवीत सोडतात, शिरेतून औषध देतात आणि पाणी निर्जंतुक झालं की नवा शंट बसवतात.

मुलगी ठणठणीत असतानाचा ऑपरेशननंतरचा स्कॅन फाइलमध्ये ठेवा, व्हॉल्व्हचं नाव आणि दाबासह. नवा स्कॅन त्याच्याशीच ताडून बघायचा असतो. काही मुलांत शंट तुंबूनही मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या स्कॅनमध्ये मोठ्या झालेल्या दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला आणि मूल गुंगीतच असेल, तर न्यूरोसर्जनने बघितल्याशिवाय घरी आणू नका.

आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. पोट गच्च झालं की आतला दाब वाढतो आणि डोक्यातलं पाणी खाली उतरायला अडतं.