शुश्रूषा घरची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या आईचे वय 63 असून स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर आता तिची केमोथेरपी सुरू आहे. प्रत्येक डोसनंतरचे पाच-सहा दिवस ती इतकी गळून गेलेली असते की आंघोळीपुरते उभे राहणेही तिला झेपत नाही. मी मुलगा असल्यामुळे माझी मदत घ्यायला ती संकोचते आणि बाहेरची बाई ठेवू म्हटले, की "मी काही अंथरुणाला खिळलेली नाही," असे म्हणून विषय संपवते. तिच्या मनाविरुद्ध मदतनीस ठेवावी का, आणि ठेवली तर तिला कोणते काम सांगावे?

उत्तर : मनाविरुद्ध ठेवू नये. मात्र आईंचा नकार नेमका कशाला आहे, हे आधी पाहावे. "बाई ठेवू या का?" एवढेच विचारले, तर त्यांना त्यातून आपण परावलंबी झालो आहोत एवढेच ऐकू येते. त्यापेक्षा त्यांना थोडी हुशारी वाटत असेल अशा वेळी आंघोळीचेच तुकडे करून विचारावे : पाणी काढणे, स्नानगृहापर्यंत जाणे, पाठ आणि पाय धुणे, अंग पुसणे, कपडे घालणे, यांतले काय तुझे तू करशील आणि काय दुसऱ्याने केलेले चालेल? पुष्कळदा उत्तर पाठ, पावले आणि उठताना लागणारा आधार एवढ्यावरच येऊन थांबते. तेवढ्यासाठी दिवसभराची बाई लागत नाही. थकव्याच्या दिवसांत सकाळचा तास-दीड तास पुरतो. काम काय आणि कसे करायचे हे मदतनीस बाईंना तुम्ही न सांगता आईंनीच सांगावे, म्हणजे घरातला अधिकार त्यांच्याकडेच राहतो.

स्नानगृहात न डगमगणारी खुर्ची आणि न घसरणारी चटई ठेवावी, पाणी कोमट असावे आणि आतून कडी लावू नये. कडकडीत पाण्याने अशक्त माणसाला भोवळ येते. आंघोळ जमत नसेल त्या दिवशी अंथरुणातच ओल्या कापडाने अंग पुसावे, आणि त्याचाही एक क्रम आहे. आधी चेहरा, त्यात डोळे साबणाशिवाय, नाकाकडून कानाकडे. मग एक हात पुसून, कोरडा करून झाकायचा आणि नंतरच दुसरा उघडायचा. एका वेळी जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी सगळे अंग चादरीखाली. काखेत, स्तनाखाली आणि जांघेत ओल राहू देऊ नये. गुप्तांगाची स्वच्छता शेवटी, स्वच्छ पाणी आणि वेगळे कापड घेऊन, पुढून मागे. आणि आईंचे हात चालत असतील तर ती त्यांनीच करावी व बाईंनी तेवढा वेळ पाठ फिरवून उभे राहावे. संकोचाचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो, असे मला वाटते.

शस्त्रक्रियेत काखेतील लसिका ग्रंथी (डॉक्टर ज्यांना लिम्फ नोड म्हणतात त्या लहान गाठी) काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला धरून आईंना कधीही ओढून उठवू नये आणि रक्तदाब दुसऱ्या हातावर मोजावा. आजारी माणसाला दंडाला धरून उठवण्याची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली असल्याने ही सूचना पहिल्याच दिवशी द्यावी. केमोसाठी हातात नळी बसवलेली असेल, तर तिच्यावरची पट्टी भिजू देऊ नये. ती बदलणे हे प्रशिक्षित परिचारिकेचे काम आहे. गोळ्यांचे प्रमाण ठरवणे किंवा एकाच पायाला आलेली सूज चोळून काढणे हेही मदतनिसाचे काम नाही. अशी सूज रक्ताच्या गुठळीमुळे असू शकते आणि चोळल्याने धोका वाढतो.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवी. अनेक केमो औषधांनंतर रक्तातील, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान सर्वांत कमी होतात. म्हणजे आईंचा थकवा उतरतो, त्या हिंडू-फिरू लागतात आणि घरचे निर्धास्त होतात, नेमके तेव्हाच संसर्गाचे भय सर्वांत अधिक असते. या काळात सर्दी-खोकला असलेल्या बाईंनी येऊ नये. ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट झाला, तर रात्र असली तरी रुग्णालयाला ताबडतोब कळवावे. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये. ताप तोंडात किंवा काखेत मोजावा, गुदद्वारात नाही. आणि बद्धकोष्ठ झाले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एनिमा देऊ नये. तोंड आले असल्यास मऊ ब्रश वापरावा आणि अल्कोहोल असलेल्या माउथवॉशऐवजी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात.

प्रश्न : वडिलांचा कर्करोग हाडांत पसरला असून ते अंथरुणावरच असतात. माकडहाडावर लाली दिसते. कूस बदलायला गेले की ते कळवळतात, म्हणून आम्ही त्यांना हलवतच नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. लालसर जागेवर बोट दाबून सोडल्यावर ती क्षणभर फिकी पडत नसेल, तर ती दाबव्रणाची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून ती जागा भोवतालपेक्षा गरम किंवा टणक लागते का, हेही हाताने पाहावे. ती चोळू नये आणि तिच्याखाली चक्रीसारखी गोल उशीही ठेवू नये. सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलतात. वडिलांसाठी किती वेळाने बदलावी, हे परिचारिकेला विचारून ठरवावे. त्याआधी वेदनाशामक औषध केव्हा द्यावे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, म्हणजे औषधाचा असर चढलेला असतानाच त्यांना हलवता येईल. दोघांनी मिळून, अंगाखाली घातलेल्या दुहेरी चादरीला धरून उचलून वळवावे. ओढले की त्वचा सोलवटते. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. पायांतील बळ अचानक गेले, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : केमो घेतलेल्या रुग्णाचे कपडे धुतल्याने किंवा बेडपॅन उचलल्याने मदतनीस बाईंना काही होईल का?

उत्तर : कर्करोग स्पर्शाने होत नाही, रुग्णाला कुशीत घेण्यातही भीती नाही. परंतु डोस झाल्यावर साधारण 48 तास, काही औषधांच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळ, लघवी, शौच आणि उलटी यांतून औषधाचा अंश बाहेर पडतो. तेवढ्या दिवसांत हातमोजे घालावेत, संडासाचे झाकण लावून दोनदा पाणी सोडावे, माखलेले कपडे वेगळे धुवावेत आणि हातमोजे काढल्यावर हात साबणाने धुवावेत. मदतनीस बाई गर्भवती असतील किंवा बाळाला अंगावर पाजत असतील, तर या दिवसांतले हे काम घरच्या दुसऱ्या कोणी करावे.