घाटात सगळ्यात वेगवान गाडी कोणती?

प्रश्न : काका, नमस्कार. मी नोकरीला कोल्हापुरात, घर वैभववाडीजवळच्या गावात. महिन्यातले तीन शनिवार तरी गगनबावड्यावरून खाली उतरतो आणि रविवारी रात्री परत वर येतो. बरोबर बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीला घाटात हमखास गाडी लागते. आता जुनी डिझेल हॅचबॅक काढून वळणावळणाच्या रस्त्यावर सगळ्यात जोरात पळेल अशी गाडी घ्यायची आहे. बजेट १२ लाख, सेकंडहँडही चालेल. एक मित्र म्हणतो दीडशे हॉर्सपॉवरची टर्बो सेडान घे. दुसरा म्हणतो घाटात एसयूव्हीच पाहिजे. तुम्ही काय घ्याल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मी तीस वर्षं गॅरेज चालवलं आणि त्याच रस्त्यावरून शेकडो वेळा खाली-वर केलं आहे, त्यामुळे नाव घेऊनच सांगतो. मी तीन-चार वर्षं वापरलेली, मॅन्युअल गिअरची, छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेईन. म्हणजे फोक्सवॅगनची पोलो १.० टीएसआय नाहीतर ह्युंदाईची आय२० एन लाइन. सेडान घेणार नाही, आणि एसयूव्ही तर या कामासाठी मुळीच नाही. का, ते नीट समजून घ्या, कारण शोरूममध्ये याचा कुणी विचार करायला लावत नाही.

आधी तुमच्या प्रवासातला घाट किती, ते बघा. करूळचा घाट साधारण दहा किलोमीटर. सरासरी ४० च्या वेगाने उतरलात तर १५ मिनिटं लागतात. ४५ ने उतरलात तर १३ मिनिटं २० सेकंद. जिवाचा आटापिटा करून सरासरी पाचने वाढवली तरी हाती लागतात शंभर सेकंद. आणि ही सरासरी हॉर्सपॉवरने वाढतच नाही. अगदी आवळलेलं वळण धरा, १५ मीटर त्रिज्येचं. कोरड्या, चांगल्या डांबरावर तिथे टायरची पकड सुटायची वेळ येते ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास. पावसात तीच मर्यादा तिशीवर येते. तिथे ८० हॉर्सपॉवरची गाडी आणि १५० ची गाडी एकाच रांगेत उभ्या असतात. इंजिन बोनेटखाली कितीही मोठं असू दे, रस्त्याला चिकटलेली असतात ती चार टायरची तळहाताएवढी चार ठिकाणं.

त्याहूनही कडक मर्यादा तुमच्या नजरेची आहे. डोंगराच्या कुशीतून वळण घेताना पुढचं पंचवीस-तीस मीटरच दिसतं. ४० च्या वेगाला गाडी थांबायला, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर जवळजवळ २० मीटर लागतात. ६० ला ३७ मीटर. म्हणजे ६० ने त्या वळणात शिरलेला माणूस न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत असतो. गगनबावड्याच्या भागात वळणापलीकडे रात्री गवा उभा असू शकतो, आणि पूर्ण वाढलेल्या नराचं वजन तुमच्या गाडीच्या जवळपास असतं. म्हणून मी घाटासाठी गाडी बघताना आधी ती थांबते कशी ते बघतो, मग वळते कशी, आणि शेवटी पळते कशी.

मग ताकद लागते कुठे? दोन ठिकाणी. एक, चढावर वळणातून बाहेर पडताना. दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या वेगात, इंजिन पंधराशे आरपीएमवर आलेलं असतं आणि पुढे चढ. तिथे गाडी रडली की वैताग येतो. दोन, कळे-साळवण पट्ट्यात हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतात तेव्हा. त्यांना ओलांडताना ४० वरून ८० ला जायला जितका कमी वेळ, तितका तुम्ही समोरच्या लेनमध्ये कमी वेळ. त्यासाठी टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, लागतो. नव्या स्विफ्टचं वजन जेमतेम ९२० किलो, वळणात ती माशासारखी फिरते, पण टॉर्क फक्त ११२ न्यूटन मीटर. सपाटीवर आणि उतारावर ती तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. चौघं बसून सामानासह करूळ चढायला लागलात की प्रत्येक वळणाला गिअर पाडावा लागेल. पोलोचं १.० टीएसआय ११० हॉर्सपॉवर आणि १७५ न्यूटन मीटर देतं, एन लाइन १२० आणि १७२. तुमच्या रस्त्याला एवढं भरपूर झालं.

तुमच्या मित्राची सेडान म्हणजे बहुधा फोक्सवॅगनचीच व्हर्टस १.५. १५० हॉर्सपॉवर, २५० न्यूटन मीटर, अतिशय सुरेख गाडी, चाकणला बनते. महिन्यातून चार वेळा पुणे-बेंगळुरू हायवेवर जायचं असतं तर मी तीच सांगितली असती. पण तिची लांबी साडेचार मीटरच्या वर आहे आणि पोलो, आय२० चार मीटरच्या आतल्या. शेजारच्या भुईबावडा घाटाच्या अरुंद वळणात समोरून एसटी आली की ते अर्धा मीटरचं अंतर कळतं.

एसयूव्हीबद्दल मात्र मला ठाम बोलायचं आहे, आणि ते तुमच्या मुलीमुळे. गाडी उंच असली की वळणात ती जास्त कलते, दुसऱ्या बाजूचं वळण आलं की परत तिकडे कलते. मागच्या सीटवरच्या लहान पोराला ते झोक्यासारखं होतं आणि पोट ढवळायला लागतं. मुलीला गाडी लागली की तुम्ही कठड्याजवळ थांबणार, तोंड धुणार, बाटली काढणार, दहा मिनिटं गेली. ते शंभर सेकंद कुठल्या कुठे! बसकी, कमी कलणारी गाडी तिला मानवेल. पण चालवण्याची पद्धतही बदला : वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर ब्रेक संपवा, गिअर पाडून ठेवा, वळणात स्टिअरिंग एकदाच द्या आणि तसंच धरा, गाडी सरळ होत आली की हळूहळू अॅक्सिलरेटर. मागच्या सीटवर पाण्याची अर्धी बाटली आडवी ठेवा. ती घरंगळली नाही तर मुलगीही झोपेल. आणि खरं सांगतो, असं चालवणारा माणूस धडपड करणाऱ्यापेक्षा आधी खाली पोचतो. मी घड्याळ लावून बघितलं आहे.

आता सेकंडहँड घेताना. पोलो भारतात २०२२ साली बंद झाली, त्यामुळे १.० टीएसआय घ्यायची तर २०२० ते २०२२ मधलीच मिळेल. एन लाइन २०२१ ला आली, पण तेव्हा क्लच पेडल नसलेली आयएमटी होती. तीन पेडलांची खरी सहा गिअरची मॅन्युअल २०२३ पासून मिळू लागली, ती शोधा. एन लाइनला चारही चाकांना डिस्क आहेत, पोलोला मागे ड्रम. उताराच्या रस्त्याला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून दोन्ही सारख्याच स्थितीत मिळाल्या तर एन लाइन. पोलोचं स्टिअरिंग मात्र हाताला जास्त बोलतं, हे कबूल.

ट्रायल शहरात घेऊ नका. वाघबीळवरून पन्हाळ्याला चढा. दुसऱ्या गिअरमध्ये २० पर्यंत वेग उतरू द्या आणि मग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मनात मोजा, ओढ कितव्या आकड्याला सुरू होते. टर्बो गाडी क्षणभर बसते आणि मग ओढते. तो क्षण तुम्हाला सहन होतो का, ते तुम्हीच ठरवा. उतरताना रेडिओ बंद, काचा खाली. ब्रेकला थरथर आहे का, खडखड कुठून येते, ऐका.

टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर घाटासाठी मी ठेवत नाही. रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर, शेवाळाच्या पट्ट्यावर, ते धरत नाही. बारा लाखांतले तीस-पस्तीस हजार पहिल्याच दिवशी चार चांगल्या टायरसाठी बाजूला काढा.

आणि ब्रेक ऑइल. एक गिऱ्हाईक कोकणातून गाडी भरून आलं होतं. राधानगरीच्या बाजूने वर आले होते, पण आदल्याच दिवशी फोंडा घाट उतरताना पेडल तळाला गेलं होतं. हॅन्डब्रेक आणि पहिला गिअर यांवर त्यांनी गाडी कशीबशी थांबवली. बरोबरच्या बाई अजून कापत होत्या. मी पुढच्या चाकाचा ब्लीडिंग निपल, म्हणजे ब्रेकचं तेल काढायचा छोटा स्क्रू, सोडला आणि नळीतून जे आलं ते काळ्या चहासारखं होतं. गाडी सात वर्षांची, तेल कंपनीतून आलं तेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चं ताजं तेल २३० अंशांना उकळतं, पाणी ओढलेलं १५५ ला. उतारावर सतत ब्रेक दाबून धरला की डिस्क आणि कॅलिपर तेवढे तापतात, तेलात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजसारखं खाली जातं. लायनर नवेकोरे असले तरी. दर दोन वर्षांनी तेल बदला. खर्च किरकोळ आहे. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियमच आहे. शनिवारी तुम्ही उतरत असता तेव्हा लक्षात ठेवा.

प्रश्न : आम्ही चिपळूणचे, मुलगा कराडला. कुंभार्ली घाटासाठी ऑटोमॅटिक घ्यावी का? माझा गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही.
– एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, गुडघा दुखत असेल तर ऑटोमॅटिकच घ्या, पण प्रकार बघून. स्वस्तातली एएमटी (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र बदलतं ती) चढावर ऐन वळणात गिअर वर टाकते आणि गाडी ढेपाळते. ती घेतलीत तर घाट सुरू होताच लिव्हर मॅन्युअलमध्ये घेऊन दुसरा-तिसरा आपल्या हाताने धरा. ड्राय क्लचची डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) पळायला झकास, पण कुंभार्लीत ट्रकच्या रांगेमागे चढावर ती अॅक्सिलरेटरवर तोलून धरलीत तर क्लच तापतो. तिथे ब्रेकवर थांबा, पुढे चार गाड्यांची जागा झाली की एकदम निघा. बजेटमध्ये बसत असेल तर जुन्या पद्धतीची, क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी टॉर्क कन्व्हर्टर घ्या. पेट्रोल थोडं जास्त पिते, पण चढावर रांगायला तिच्यासारखी निवांत दुसरी नाही. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर उतारावर लिव्हर ‘एल’ किंवा ‘एस’ला घ्या, नाहीतर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घेण्याआधी गाडी पोफळीपासून वरपर्यंत एकदा स्वतः चालवा, मुलाला चालवायला देऊ नका. गुडघा तुमचा आहे.