कोर्स फुकट आहे, पण पोरीला वेळ कोण देणार?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी सेकंड इयरला, गणित आवडतं, कॉम्प्युटरमध्ये जायचंय, पुण्याच्या क्लासची फी अधिक रूमचं भाडं झेपत नाही, आणि मोबाईलवर फुकटचे कोर्स तिने दोनदा सुरू करून दोनदा सोडले. म्हणून तुम्ही विचारताय की हिच्यात चिकाटी नाही का, आणि अशा फुकटच्या शिक्षणाला किंमत तरी असते का.

किंमत असते. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेने मिळून 2003 मध्ये एनपीटेल हा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम सुरू केला, तिथली लेक्चरं कुणीही बघू शकतं, जेईई लागत नाही, पैसे लागत नाहीत. 2014 पासून त्यांची परीक्षाही असते. ती ऐच्छिक आहे, साधारण हजार रुपये फी भरून सेंटरवर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यायची, त्यामुळे त्या सर्टिफिकेटला वजन आहे. शंभरातले 25 मार्क दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि 75 परीक्षेचे. तिच्यासाठी मी तिथलाच 'जॉय ऑफ कम्प्युटिंग युझिंग पायथन' हा प्रोग्रामिंगचा कोर्स सुचवेन (पायथन म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा), 12 आठवड्यांचा आहे, अगदी शून्यापासून शिकवतात. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी महिनाभर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघू दे, लिबरऑफिस, लिनक्स असे कॉम्प्युटरचे विषय मराठी आवाजात आहेत, दहा-दहा मिनिटांचे, बघत बघत शेजारी स्वतः करायचं.

एक मात्र स्पष्ट सांगते, नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी लागत नाही. तिने स्वतः लिहिलेले दोन-तीन प्रोग्राम दाखवता आले पाहिजेत, आणि ते मोबाईलवर होत नाही हो, त्याला कीबोर्ड लागतो. नवीन लॅपटॉपसाठी कर्ज काढू नका. कॉलेजची लॅब दुपारनंतर बंदच असते बऱ्याच ठिकाणी, विभागप्रमुखांना भेटून दोन तास उघडी ठेवायची विनंती करा, आणि कॉलेज एनपीटेलचं लोकल चॅप्टर, म्हणजे त्यांच्याशी जोडलेलं कॉलेज, आहे का तेही विचारा, असेल तर एक प्राध्यापक त्यासाठी नेमलेले असतात. त्याच भेटीत क्रेडिटचंही विचारून घ्या, म्हणजे हा कोर्स तिच्या डिग्रीत धरला जाईल का ते. यूजीसीच्या 2021 च्या नियमाप्रमाणे स्वयम् या सरकारी पोर्टलवरच्या कोर्सचे (एनपीटेलचे कोर्सही तिथेच असतात) क्रेडिट सेमिस्टरच्या 40 टक्क्यांपर्यंत धरता येतात, पण कॉलेजची मान्यता लागते, आणि ती रजिस्ट्रेशनच्या आधी घ्यायची, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

आता चिकाटीचं. तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, "घरचं सगळं आवरून रात्री दहाला मोबाईल घेऊन बसते." दादा, सकाळी सहाच्या एसटीने कॉलेजला जाणारी, आल्यावर स्वयंपाक, भांडी, धाकट्याचा अभ्यास हे सगळं करणारी पोर रात्री दहाला बसते, तीही परीक्षेची तारीख नसलेल्या कोर्सला, सोबत कुणी नसताना, आणि तरी दोनदा सुरू करते, याला मी तरी चिकाटीच म्हणते. क्लासला पैसे भरले असते तर ती वेळ झाली म्हणून घरातून निघाली असती आणि कुणी अडवलं नसतं. फुकटच्या कोर्सला घरात कुणी वेळ सोडत नाही, माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या बाबतीत मी हेच परत परत बघते आणि मला याचा फार त्रास होतो.

म्हणून पुण्याच्या फीऐवजी तिला संध्याकाळचे सात ते साडेआठ द्या. रोज, आणि घरात सगळ्यांना सांगून. तेवढ्या वेळात भांडी तुमचा मुलगा घासेल, नववीतला आहे म्हणालात ना, जमेल त्याला. वर्गातली एक मैत्रीण सोबत घ्यायला सांगा, दोघींनी मिळून असाइनमेंट आठवड्याच्या आठवड्याला टाकायची. आणि परीक्षेचा फॉर्म वेळेत भरून टाका, तारीख ठरली की अभ्यासाला जोर येतो.

नवे कोर्स जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. विभागप्रमुख काय म्हणाले ते मला कळवा, नाही म्हणाले तर लॅबसाठी दुसरी काही सोय बघू. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तिला काय जड जातं ते तिच्याकडूनच ऐकायचंय मला.