‘एम्बेड’ करणे : जडवणे, अंतःस्थापित करणे की बसवणे?

संग्रहालयातील वस्तूंची माहिती देणाऱ्या संकेतस्थळासाठी सूचना लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, यंत्राने केलेल्या अनुवादात आलेले ‘पृष्ठात आंतरक्रियात्मक त्रिविमीय मॉडेल दर्शक अंतःस्थापित करा’ हे वाक्य मराठी म्हणून ठेवावे का, ‘एम्बेड’साठी, म्हणजे दुसरीकडची गोष्ट आपल्या वेबपानात दाखवण्यासाठी, ‘जडवणे’ हे क्रियापद अधिक चांगले होईल का, आणि ‘दर्शक’ म्हणजे पाहणारा असा समज तर होणार नाही ना.

‘त्रिविमीय’ आधी बाजूला काढावा लागेल. हिंदीत ‘विमा’ म्हणजे मिती आणि आयुर्विम्याचा तो ‘बीमा’, त्यामुळे तेथे घोटाळा होत नाही. मराठीत मात्र फारसीतून आलेल्या ‘विमा’ या शब्दाने ती जागा केव्हाच अडवली असल्यामुळे ‘त्रिविमीय’ वाचताना हप्त्यांची आठवण होते. शालेय गणितापासून रुळलेला ‘त्रिमितीय’ हाच आपला शब्द आहे.

‘एम्बेड’चे क्रियापद ठरवण्यापूर्वी पानात प्रत्यक्ष काय घडते ते पाहणे आवश्यक आहे. हे काम मुख्यतः दोन प्रकारे होते. त्रिमितीय मॉडेल साठवून दाखवणाऱ्या स्केचफॅबसारख्या सेवेवर वस्तू आधीच चढवलेली असते, आणि आपल्या पानात आपण फक्त एक ‘आयफ्रेम’, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाचे पान दाखवणारी चौकट, उघडतो. दुसऱ्या प्रकारात गूगलने तयार केलेला ‘मॉडेल-व्ह्यूअर’ हा घटक पानात लिहून त्याला ‘जीएलबी’ धारिकेचा, म्हणजे त्रिमितीय मॉडेल साठवलेल्या फाइलचा, पत्ता दिला जातो, आणि वाचकाचा ब्राउझर ती धारिका आणून वेबजीएल या ब्राउझरमध्येच त्रिमितीय चित्रे काढणाऱ्या तंत्राच्या साहाय्याने चित्र रेखाटतो. वेबजीएलची पहिली आवृत्ती 2011 साली आली, आणि त्यापूर्वी अशा दृश्यांसाठी बहुधा वेगळे प्लग-इन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे पूरक सॉफ्टवेअर, घ्यावे लागे. दोन्ही प्रकारांत वस्तूची धारिका पानाच्या मजकुराबाहेरच राहते. पानात असतो तो केवळ तिच्याकडे बोट दाखवणारा चार-दोन ओळींचा कोड, आणि पत्ता बदलला की त्याच चौकटीत दुसरी वस्तू दिसू लागते.

ही वस्तुस्थिती लक्षात घेतली की ‘अंतर्भूत करणे’ गळते, कारण त्यात वस्तू पानाचाच भाग झाल्याचा अर्थ आहे. ‘जडवणे’ ऐकायला सुरेख आहे. परंतु जडवलेला हिरा कोंदणात घट्ट असतो, तो हलू लागला तर सोनाराकडे तक्रार जाते, आणि येथे तर वस्तू हलावी हाच सगळा उद्देश आहे. ‘अंतःस्थापित करणे’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष असून कायद्याच्या किंवा निविदेच्या भाषेत खपेल, पण सूचनेत ते विनाकारण जड होते. खिडकीला काच बसवतात, दाराला कडी बसवतात. वस्तू दुसरीकडे तयार झालेली असते, ती ठरलेल्या जागी आणून लावली जाते आणि पुढे बदलताही येते. म्हणून माझे मत ‘बसवणे’ या क्रियापदाला आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल की, ‘इन्स्टॉल करणे’ यासाठीही आपण ‘बसवणे’ वापरतो. हा भेद मराठी विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययांनी सहज सांभाळते : ॲप फोनवर बसवले जाते, प्रतिकृती पानात बसवली जाते. क्रियापद एकच राहिले तरी ‘वर’ आणि ‘त’ यांमुळे अर्थ वेगळे राहतात. ज्या बटणावर इंग्रजीत तो शब्द छापलेला आहे, त्याचा उल्लेख मात्र ‘एम्बेड’ असाच करावा, नाहीतर वाचक ‘बसवा’ नावाचे बटण शोधत राहील.

‘दर्शक’ या शब्दाविषयीची वाचकाची शंका अर्धी खरी आहे. हिंदीत दर्शक म्हणजे पाहणारा, आणि वृत्तवाहिन्यांमुळे तो अर्थ मराठीतही शिरू लागला आहे. परंतु पाहणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘प्रेक्षक’ आहे, तर ‘सूक्ष्मदर्शक’, ‘मार्गदर्शक’, ‘दिशादर्शक’, अगदी व्याकरणातले ‘दर्शक सर्वनाम’, या सर्वांत दर्शक म्हणजे दाखवणारा. त्यामुळे ‘प्रतिकृतिदर्शक’ हा समास मराठीच्या स्वभावाला धरून आहे. ‘त्रिमितिदर्शक’ मी टाळीन, कारण चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 साली वर्णन केलेल्या, दोन चित्रांतून खोलीचा भास घडवणाऱ्या स्टीरिओस्कोपलाही तो शब्द तितकाच लागू पडतो.

मॉडेलला सरसकट ‘प्रतिकृती’ म्हणता येत नाही. स्मिथ्सोनियन संस्थेने अपोलो 11 मोहिमेतील ‘कोलंबिया’ यानाचे स्कॅनिंग करून जे त्रिमितीय रूप 2016 साली खुले केले ती प्रतिकृती होय, कारण मूळ वस्तू अस्तित्वात आहे. न बांधलेल्या इमारतीच्या बाबतीत ‘मॉडेल’ हाच शब्द ठेवावा. प्रश्नकर्त्या वाचकाच्या संग्रहालयापुरता हा प्रश्न उद्भवत नाही.

राहिला ‘आंतरक्रियात्मक’. ‘परस्परसंवादी’ हा त्याचा प्रचलित पर्यायही मला पटत नाही, कारण वस्तू बोलत नाही. बोटाने ओढली की वळते, एवढेच. अशा ठिकाणी विशेषण घडवण्यापेक्षा मराठीची ‘-ता येणारा’ ही रचना अधिक नेमके सांगते. मॉडेल-व्ह्यूअरमध्ये केवळ ‘ऑटो-रोटेट’ हा गुणधर्म लिहिला तर वस्तू आपोआप फिरते, म्हणजे ती ‘फिरणारी’ असते. ‘कॅमेरा-कंट्रोल्स’ लिहिल्यावरच ती ‘फिरवता येणारी’ होते. दोन्ही गुणधर्मांना ‘इंटरॲक्टिव्ह’ समजून एकच विशेषण लावले, तर पानावर वाचक वस्तू ओढत बसेल आणि ती मात्र आपल्याच गतीने फिरत राहील.

तेव्हा सूचना अशी लिहावी : ‘सर्व बाजूंनी फिरवून पाहता येणारी त्रिमितीय प्रतिकृती दाखवण्यासाठी पानात प्रतिकृतिदर्शक बसवा.’ यात ‘प्रतिकृती’ दीर्घान्त आणि ‘प्रतिकृतिदर्शक’मध्ये ‘ति’ ऱ्हस्व आहे तो मुद्रणदोष नाही. ऱ्हस्व इकारान्त तत्सम शब्द समासाच्या पूर्वपदी आला की ऱ्हस्वच राहतो, जसे ‘बुद्धी’ पण ‘बुद्धिवैभव’.