स्वतःचीच कातडी, मग ‘प्रत्यारोपण’ कसं?

प्रश्न असा आला आहे: आईच्या पायावरच्या मोठ्या जखमेसाठी मांडीची कातडी लावायची आहे. संमतीपत्रावर ‘त्वचा प्रत्यारोपण’ छापलंय. ते वाचून आई घाबरली, “कुणाची कातडी लावणार मला?” हा शब्द बरोबर आहे का? आणि डॉक्टर ‘ग्राफ्ट’ नि ‘फ्लॅप’ असं वेगवेगळं बोलतात, त्यांना मराठीत काय म्हणायचं?

व्याकरणाने शब्द चुकलेला नाही. एका जागचं काढून दुसरीकडे रोवलं, ते प्रत्यारोपणच. पण शब्दाला रूढीचा वास लागतो. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांच्यासोबत ऐकून ऐकून ‘प्रत्यारोपण’ म्हटलं की दाता आलाच, असं आपलं कान ठरवून टाकतात. स्वतःच्या कातडीला शरीर परकी मानत नाही, त्यामुळे ती नाकारू नये म्हणून औषधं घ्यावी लागत नाहीत. एवढा मोठा फरक असताना दोन्हींना एकच शब्द वापरणं मला पटत नाही. ‘त्वचारोपण’ बरं. आईशी बोलताना तर ‘तुझ्याच मांडीची कातडी लावणार’ यापलीकडे काही नको. बायपासमध्ये पायाची शीर काढून हृदयाला जोडतात, तिला कुठे कुणी प्रत्यारोपण म्हणतं?

आता ग्राफ्ट. त्याला ‘कलम’ हा शब्द तयारच आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही शब्द लेखणीतून आलेत. ‘ग्राफ्ट’च्या मुळाशी ग्रीकांची लिहायची टोकदार काडी आहे, तर अरबी-फारसीतून आलेलं आपलं ‘कलम’ म्हणजे बोरूच. तासलेली काडी दोघांनाही सारखीच दिसली असणार.

फ्लॅपचं उत्तर मात्र कोकणातल्या बागेत सापडतं. कोयकलमात काडी झाडापासून पूर्ण तोडून रोपावर बसवतात. मांडीची पातळ कातडी अशीच सुटी होऊन येते आणि जखमेतल्या ओलाव्यावर तग धरत नव्या रक्तवाहिन्यांची वाट बघते. भेटकलमात तसं नाही. रोप आंब्याच्या झाडाजवळ नेतात, फांदी आणि रोप दोन्ही तासून एकमेकांना बांधतात. फांदी मूळ झाडाचाच रस पीत राहते. सांधा जुळला की मगच तिला आईपासून तोडायचं. फ्लॅप म्हणजे हुबेहूब हेच.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. कावसजी नावाचा, इंग्रजांच्या सैन्याकडचा बैलगाडीवान 1792च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला; त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ साचा नाकाच्या उरलेल्या खुंटावर बेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांमध्ये मात्र तिची एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली. मग ती वळवून नाकाच्या जागी बसवली. सांध्यावर चिकटवायला काय, तर पाण्यात भिजवलेला कात, विड्यातला! चार दिवसांनी तो काढून तुपात बुडवलेल्या चिंध्या. सुमारे 25व्या दिवशी ती पट्टी कापली. भेटकलमच की.

ही हकिकत ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि ती वाचून कार्प्यू या शल्यविशारदाने 1814मध्ये तिथे तसंच नाक केलं. ‘प्लास्टिक सर्जरी’तलं प्लास्टिक मुळात ग्रीक, अर्थ, मातीला आकार देण्याजोगं. आपला माणूस विटा पाडणारा होता, हा योगायोग मला फार आवडतो.

कधी कधी, जसं स्तन नव्याने घडवताना, पोटाची कातडी-चरबी रक्तवाहिन्यांसकट पूर्ण सोडवून, सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात, तो ‘फ्री फ्लॅप’. त्याला बागेतलं नाव नाही. झाडाच्या नळ्या अजून कुणी टाके घालून जोडलेल्या नाहीत! तिथे ‘फ्लॅप’च म्हणा. संमतीपत्रावर मात्र ‘त्वचारोपण (रुग्णाच्याच मांडीवरील त्वचा)’ एवढं लिहून मागा.