संथ गतीचा पिलाटिस : वाचकांच्या शंका

मागील अंकात पिलाटिस या व्यायामपद्धतीच्या सरावात गती किती असावी यावर एक टिपण दिले होते. त्यावर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न (देवगड) : मी ४९ वर्षांची शिक्षिका आहे. पाठीवर झोपून दोन्ही पाय वर-खाली करण्याचे तीस-तीस फेरे मी पूर्वी सहज करत असे. आता ऑनलाइन पिलाटिस शिकते आहे. तेथे हाच प्रकार चार आकडे मोजत वर आणि चार मोजत खाली करायला सांगतात. सहा-सात फेऱ्यांतच पोट थरथरू लागते आणि कंबर चटईवरून उचलली जाते. माझी ताकद कमी झाली आहे का?

ताकद कमी झालेली नाही. पाय झटक्यात वर नेला की सुरुवातीच्या हिसक्याने त्याला वेग मिळतो आणि पुढचे बरेचसे अंतर तो त्या वेगावरच कापतो. खाली येताना त्याला त्याचे वजनच आणून सोडते. त्यामुळे त्या तीस फेऱ्यांत स्नायूंच्या वाट्याला प्रत्यक्षात थोडेच काम येत होते. चार आकडे मोजत पाय हलवला की वेगाचा हा आधार उरत नाही आणि वाटेतल्या प्रत्येक कोनात पोटाच्या व मांडीच्या स्नायूंना भार स्वतः पेलावा लागतो. थरथरीची काळजी करू नये. थकत चाललेल्या स्नायूच्या मदतीला मज्जासंस्था तंतूंचे नवे गट कामाला लावते, त्यांचे आकुंचन एकसंध राहत नाही आणि ते आपल्याला थरथरीच्या रूपाने जाणवते. सराव वाढला की ती कमी होते.

कंबर उचलली जाणे ही मात्र दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. पाय वर धरणारा एक मोठा स्नायू कमरेच्या मणक्यांनाच जोडलेला असतो, आणि पोटाचे स्नायू कमी पडले की तो त्या मणक्यांना पुढे ओढतो. म्हणून काही आठवडे दोन्ही पाय एकत्र उचलू नयेत. गुडघा वाकवून एकेक पाय खाली न्यावा आणि एका हाताची बोटे कमरेखाली ठेवावीत. बोटांवरचा दाब जेथे सुटू लागेल तेथेच थांबून परत फिरावे. ती मर्यादा वितीएवढी असली तरी चालेल. नीट केलेली वीतभर हालचाल कंबर सोडून केलेल्या पूर्ण हालचालीपेक्षा नक्कीच हिताची आहे.

गती कशी वापरावी हे शिकण्यासाठी मला शोल्डर ब्रिज सर्वांत चांगला वाटतो. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत आणि तळपाय जमिनीवर टेकवावेत. श्वास सोडत आधी माकडहाड, मग कंबर, मग पाठीचा मधला भाग अशा क्रमाने चार आकड्यांत वर जावे आणि वरच एक श्वास घ्यावा. नंतर पुन्हा श्वास सोडत, खांद्यांकडून सुरुवात करून, पाच-सहा आकड्यांत एकेक मणका खाली ठेवावा. खरी परीक्षा या उतरण्यात आहे. बहुतेकांच्या बाबतीत कमरेजवळ आल्यावर दोन-तीन मणके एकदमच चटईवर पडतात. त्या जागेची हालचाल आपल्या ताब्यात नाही असे समजावे, आणि पुढच्या फेरीत तेवढ्याच टप्प्यासाठी दोन आकडे अधिक द्यावेत. पावसाळ्यात आपल्याकडे लादीला ओल सुटते आणि पाय हळूहळू पुढे सरकतात. अशा वेळी गुळगुळीत चटईऐवजी जाड सतरंजी पायांखालीही येईल अशी अंथरावी, नाहीतर मांडीच्या मागच्या बाजूला पेटका येण्याचा संभव असतो.

प्रश्न (हर्णै) : माझे वय ५६. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे. चढताना दम लागतो, पण मांड्या भरून येतात त्या उतरताना. पिलाटिसच्या पहिल्या वर्गानंतर तर दोन दिवस मांड्या ठणकत होत्या. या व्यायामाचा मला उपयोग आहे की तो बंद करावा?

बंद करू नये; आपल्या अडचणीवर नेमका हाच उपाय आहे. पाखाडी उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला लांबत जाता जाताच शरीराचा भार धरून ठेवावा लागतो. तो ब्रेकचे काम करतो. अशा कामाला प्राणवायू तुलनेने कमी लागतो, म्हणून दम लागत नाही, परंतु सवय नसलेल्या तंतूंवर ताण अधिक पडतो आणि दुखणे मागाहून येते. ते साधारणपणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि आपोआप ओसरते. पिलाटिसमध्ये संथपणे खाली येण्यावर इतका भर असतो, तो याच प्रकारच्या ताकदीसाठी. रिफॉर्मर या स्प्रिंगांच्या यंत्रावरही स्प्रिंगा ताणून गाडी, म्हणजे यंत्राची सरकती फळी, पुढे नेणे एकवेळ जमते, पण ती न आदळता परत आणणे कठीण जाते. अनुभवी शिक्षक डोळे मिटूनही, केवळ आवाजावरून, कोणाचा ताबा सुटतो आहे ते सांगू शकतो.

आपण घरात भक्कम खुर्चीपुढे उभे राहावे आणि चार आकडे मोजत खुर्चीवर बसावे. बूड टेकण्याआधीच्या शेवटच्या चार बोटांत अंग सोडून देण्याचा मोह होतो, तो टाळावा. उठताना मात्र सावकाश उठू नये, चपळाईने उठावे. वय वाढते तशी स्नायूंची झटकन जोर लावण्याची क्षमता निव्वळ ताकदीपेक्षा वेगाने घटते. तोल जाताना सावरायला तीच कामी येते, आणि केवळ संथ सरावाने ती टिकत नाही. सुरुवातीला आठ वेळा, थोडी विश्रांती घेऊन पुन्हा आठ वेळा, असे आठवड्यातून दोन दिवस पुरे. महिनाभराने उंबऱ्याएवढ्या उंचीच्या पायरीवरून एक पाय संथपणे खाली टेकवण्याचा सराव करावा. गुडघा आत न वळता पावलाच्या रेषेत राहतो आहे ना, हे त्या वेळी पाहावे. हा सराव शेवाळलेल्या पाखाडीवर मुळीच करू नये. दुखणे मांडीत नसून सांध्यात असेल, गुडघा सुजत किंवा अडकत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

चढताना लागणाऱ्या दमावर मात्र पिलाटिसची मदत फारशी होणार नाही. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले, आठवड्याला किमान १५० मिनिटांचे भरभर चालणे वेगळे हवे.

प्रश्न (वेंगुर्ले) : मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आकडे मोजताना श्वास नकळत रोखला जातो. हे धोक्याचे आहे का?

होय, ही सवय मोडायलाच हवी. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब तेवढ्यापुरता बराच वाढतो, आणि संथ फेरीत जोर लावण्याचा काळही लांबतो. आकडे मनात न मोजता मोठ्याने मोजावेत. बोलताना श्वास रोखता येत नाही. मोजणे अडखळू लागले की तेथेच विश्रांती घ्यावी. गोळी चालू असताना कोणते व्यायाम करावेत हे आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

प्रश्न (अलिबाग) : मी महाविद्यालयात शिकतो. गती जितकी संथ तितका फायदा अधिक, असे असेल तर प्रत्येक फेरी दहा-पंधरा सेकंदांची का करू नये?

कारण फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारे एक विश्लेषण २०१५ साली प्रसिद्ध झाले. स्नायू थकेपर्यंत व्यायाम केल्यास अर्ध्या सेकंदापासून आठ सेकंदांपर्यंतच्या फेऱ्यांनी स्नायूंची वाढ जवळपास सारखीच होते, आणि दहा सेकंदांपलीकडच्या अतिसंथ फेऱ्यांनी ती उलट कमी होते, असे त्यात आढळले. त्यामुळे संथ गतीची शिफारस मी स्नायू फुगवण्यासाठी करत नाही. हालचालीतला चुकार टप्पा सापडावा, म्हणून करते.

शिवाय पिलाटिसमधले सगळेच व्यायाम संथ नाहीत. या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटिस यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम दिले आहेत आणि त्यांतला पहिलाच, ‘हंड्रेड’, हातांच्या भरभर हालचालींचा आहे. हात लहान टप्प्यात वर-खाली होत राहतात. श्वास मात्र पाच आकड्यांत आत आणि पाच आकड्यांत बाहेर, असा लांबच राहतो. नवशिक्याने एकदम शंभर करू नयेत, विसापासून सुरुवात करून पाच-पाचने वाढवावेत, असे त्यांनी तेथेच सांगितले आहे. चेंडूसारखे अंग गोळा करून पाठीवर लोळण्याचा व्यायाम तर वेगाशिवाय होऊच शकत नाही. त्यात कसब लागते ते शेवटी तोल सांभाळून थांबण्याचे. आपल्या वयात दोन ते पाच सेकंदांची फेरी नेहमीसाठी योग्य आहे. एखादा व्यायाम नव्याने शिकताना ती याहून लांबवण्यास हरकत नाही.

प्रश्न (मुरूड) : माझ्या आईचे वय ६८ आहे आणि तिची हाडे ठिसूळ झाल्याचे तपासणीत निघाले आहे. झोपलेल्या स्थितीतून पाठ गोल करत उठून बसण्याचा ‘रोल-अप’ तिने अगदी सावकाश केला तर चालेल ना?

चालणार नाही. सावकाश केलेला प्रत्येक व्यायाम सुरक्षित असतो, हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ कुटुंबांत दिसतो, म्हणून हे ठामपणे लिहिते. पाठ पुढे वाकवून तिच्यावर भार दिला की मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येतो, आणि ठिसूळ मणका नेमका तेथेच पिचतो. गती कमी केल्याने हा दाब नाहीसा होत नाही, उलट तो अधिक वेळ राहतो. रोल-अप, चेंडूसारखे लोळणे आणि डोके उचलून केलेला ‘हंड्रेड’ हे तिन्ही त्यांनी वगळावेत. अंगण झाडताना किंवा विळीवर बसून नारळ खवतानाही पाठ गोल न करता खुब्याच्या सांध्यातून वाकावे.

भिंतीला किंवा ओट्याला धरून टाचा उचलणे आणि चार आकड्यांत खाली टेकवणे, तसेच पालथे झोपून, कपाळाखाली घडी केलेला टॉवेल ठेवून, छाती जेमतेम दोन बोटे उचलणे, हे व्यायाम त्यांना सहसा मानवतात. सुरुवात मात्र तपासणीचा अहवाल पाहिलेल्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावी, आणि पाठीत अचानक कळ आली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.